आठ पेले

आपल्या जिभेचा अभिमान मनुष्यास केव्हा जडतो हे सांगणे सहसा कठीण असते. आमच्या बाबतीत ते सोपे आहे. बदलीचा हुकूम खिशात घालून आम्ही कलकत्त्यास उतरलो (शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले, पण आमच्या घरात अजून कलकत्ताच चालते), त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात आम्हांस तो जडला. तोवर चहा म्हणजे आले, गवती चहा, दूध आणि साखर ह्यांना एकत्र येण्यासाठी मिळालेले निमित्त, एवढेच आम्ही जाणत होतो. पातेल्यात तो रटरटला पाहिजे आणि बशीत ओतल्यावर त्यावर सायीचा पापुद्रा धरला पाहिजे, ही आमची कसोटी. अशा आमच्यापुढे नानांनी एके दिवशी बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या, फिकट सोनेरी पाण्याचा एक पेला ठेवला आणि ‘घाई करू नका, आधी नाक, मग जीभ’ असे बजावले. आम्ही घोट घेतला. काही कळले नाही. पण कळले असे तोंडाने म्हटले, आणि अभिमानाचा जन्म झाला.

नाना हे येथील मराठी मंडळीत सर्वांचेच नाना. लेखापरीक्षा खात्यातून ते निवृत्त झाले आणि गावी न परतता भवानीपुरातल्या दोन खोल्यांत राहिले. वहिनी पूर्वीच गेल्या, मुलगा परदेशी. आम्ही सारे तीन-चार वर्षांचे पाहुणे. हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या दिवसांत ओळखी होतात, दोन-तीन गणपती बरोबर होतात, आणि मग कोणाची तरी बदली नागपूरला, कोणाची कोचीनला. नाना मात्र तेथेच. आणि जाणाऱ्या प्रत्येकाचा एक शेवटचा विधी ठरलेला: नानांकडे जावयाचे आणि म्हणावयाचे, ‘नाना, घरी न्यायला चहा निवडून द्या.’ मग नाना त्याला लालबाजाराकडच्या दुकानात घेऊन जात, दहा डबे उघडावयास लावीत आणि एक निवडीत. पुण्याकोल्हापुरात आज कितीतरी घरी नानांनी निवडलेला दार्जिलिंग फडताळात असेल. त्यांतल्या निम्म्या घरी तो आले घालून उकळला जात असेल, हे नानांस कोणी सांगितलेले नाही.

चहा आणि परप्रांतात गेलेला मराठी नोकर ह्यांचा संबंध तसा जुना आहे. टपालखात्यातले गोपाळराव जोशी १८८१ साली बदलीवर कलकत्त्यास आले, पुढे श्रीरामपूरला गेले. आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्यापूर्वी आपले भाषण केले ते त्याच श्रीरामपूरच्या कॉलेजात, १८८३ साली. ह्याच गोपाळरावांनी पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसह बड्या बड्या मंडळींना चहाला बोलावण्याचा घाट घातला, आणि कोणी कोणी पाद्र्याच्या घरचा पेला तोंडाला लावला त्याची यादी वर्तमानपत्रात छापून आणली. प्रायश्चित्तापर्यंत गेलेले ते प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. चहाच्या पेल्याने माणसाची परीक्षा घेण्याची खोड आम्हां मराठी नोकरांत कदाचित तेव्हापासूनची असावी. आमच्या हातून पुढे जे घडले त्याचे खापर आम्ही थोडे गोपाळरावांवर फोडू इच्छितो.

कलकत्ता हे तर चहाच्या पारखीचे पीठच. येथला पहिला जाहीर लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी झाला. आर. एन. मुखर्जी रस्त्यावर नीलहाट हाऊस नावाची इमारत आहे. नील म्हणजे आपली नीळ आणि हाट म्हणजे बाजार. १८५१ पासूनची जे. थॉमस ही दलालांची पेढी एके काळी निळीचा लिलाव करी. नीळ गेली, चहा आला, नाव तेवढे राहिले. हातोडीचा लिलावही आता संगणकावर गेला आहे. दार्जिलिंगचा चहा तेवढा अडून बसला होता, तोही २०१६ साली गेला. चाखणे मात्र यंत्राकडे गेलेले नाही. आम्हांस कामानिमित्त एकदा चाखण्याची खोली पाहावयास मिळाली. लांब टेबलावर पांढऱ्या पेल्यांची रांग, प्रत्येकामागे कोरडे पान, उपड्या झाकणावर उकळत्या पाण्यातून काढलेले ओले पान. चाखणारा चमचाभर चहा असा आवाज करून ओढतो की आमच्या आजोबांनी बशीतून ओढताना केला असता तर आम्ही लाजलो असतो. पण तो आवाजच महत्त्वाचा. त्याने चहाचा फवारा होऊन घशामागून नाकात चढतो. जिभेस गोड, आंबट, खारट, कडू आणि तो एक मांसरसासारखा पाचवा स्वाद, एवढेच समजते. ज्याला आपण चव म्हणतो तिचा बराचसा भाग नाकाचा असतो, आणि श्रेय जीभ घेते. (कचेरीतही असे चालते.)

नानांकडून आम्ही पुष्कळ शिकलो. फाल्गुन-चैत्रातल्या पहिल्या खुडीचा हिरवट, फुलाच्या वासाचा फर्स्ट फ्लश, आणि मे-जूनचा सेकंड फ्लश, ज्यात मस्कटेल नावाचा पिकल्या द्राक्षासारखा गंध असतो. तो गंध येतो तुडतुड्यांमुळे! आमच्याकडे कपाशीवर तुडतुडे पडले की शेतकरी कपाळाला हात लावतो. दार्जिलिंगच्या डोंगरावर ते कोवळे पान चावतात, पान स्वसंरक्षणासाठी आपला रस बदलते, आणि त्याच चावलेल्या पानाला भाव चढतो. वर्षादोनवर्षांत आम्हीही पाहुण्यांसमोर पेला नाकाशी धरून डोळे मिटू लागलो. आणि खरे सांगावयाचे तर, नानांच्या शब्दापुढे आपल्या शब्दाला किंमत नाही ह्याचा आम्हांस थोडा सल वाटू लागला.

तशात आमचे एक तरुण स्नेही डब्लिनला जाऊन आले आणि येताना आयरिश व्हिस्कीची एक बाटली व एक गोष्ट घेऊन आले. बाटलीविषयी लिहिण्याचे कारण नाही. गोष्ट अशी: तेथे त्यांच्या यजमानांनी चार आयरिश व्हिस्क्या क्रमांक घातलेल्या पेल्यांतून पुढे केल्या. नाव दिसत नव्हते, किंमत दिसत नव्हती. मोड आणलेले सातू आणि बिनमोडाचे सातू एकत्र घेऊन तांब्याच्या भट्टीत काढलेली व्हिस्की कोणती, हलकी मिश्र व्हिस्की कोणती, हे ओळखावयाचे होते. मंडळी बाटली समोर असताना जितकी वाक्पटू होती, तितकीच पेला नुसता क्रमांकाचा झाल्यावर मुकी झाली. आणि सर्वांत महाग बाटली बहुमताने शेवटची आली. आम्हांस हे फार आवडले. इतके आवडले की त्यामागे आमच्या मनात काय आहे हे आम्ही स्वतःशीही तपासले नाही. ‘आपण हेच चहाचे करू,’ आम्ही म्हणालो. ‘नाना म्हणतात त्यांना दार्जिलिंग आणि इलाम वेगळे कळतात. पाहू तरी.’

इलाम नेपाळात, पण दार्जिलिंगला लागूनच. डोंगर तेच, झुडपे त्याच जातीची. दार्जिलिंगच्या ८७ मळ्यांना २००४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, देशातले पहिले. तेव्हापासून सीमेपलीकडचा स्वस्त चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो ही मळेवाल्यांची कायमची तक्रार आहे. म्हणजे परीक्षा लुटुपुटीची नव्हती.

रीत सुचविली ती आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने. तो बराहनगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकतो, आणि चहाची परीक्षा हा शब्द कानी पडताच त्याचे डोळे चमकले. त्या शास्त्राचा अर्धा पाया म्हणे चहाच्याच पेल्यात आहे. १९२०च्या सुमारास इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनकेंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या विदुषीने सांगितले की पेल्यात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चाखून कळते. रोनाल्ड फिशर तेथे होता. त्यातून आठ पेल्यांची कसोटी निघाली: चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार. तेव्हा नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याचा संभव सत्तरांत एक. फिशरने १९३५च्या आपल्या पुस्तकात ही रीत विस्ताराने मांडली, पण बाईंनी किती ओळखले हे त्यात दिलेच नाही. शास्त्रज्ञाला निकालापेक्षा रीत प्रिय. हाच फिशर महालनोबीसांच्या निमंत्रणावरून १९३८ च्या जानेवारीत कलकत्त्यास संख्याशास्त्राच्या परिषदेत होता. आणि डब्लिनचे स्नेही हसले म्हणून मुलाने त्यांनाही सोडले नाही: फिशरचा मित्र गॉसेट, ज्याने ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने १९०८ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तो डब्लिनच्याच गिनेस दारूभट्टीत नोकर होता. सारांश, आमच्या खेळास शास्त्राचा, आयर्लंडचा आणि वंगभूमीचा तिहेरी आशीर्वाद मिळाला.

पौषातल्या एका रविवारी मंडळी आमच्याकडे जमली. चहा करावयाचा तो आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे: शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम, सहा मिनिटे. (असे प्रमाण खरोखर आहे. ब्रिटिशांनी त्यावर सहा पाने लिहिली, आणि १९९९ साली त्यांस त्याबद्दल इग नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मिळाले.) ‘सहा मिनिटांत माझे आले सुद्धा उकळत नाही,’ असे म्हणून सौ.ने स्वयंपाकघराचा ताबा त्या मुलाकडे दिला, आणि परीक्षेनंतर माणसांसारखा चहा मिळावा म्हणून मागच्या शेगडीवर दूध मंद आचेवर ठेवून ती बाहेर येऊन बसली. मुलाने दोन किटल्या भरल्या. पेल्याच्या बुडाशी क्रमांक चिकटविले. कोणत्या क्रमांकात काय हे त्याला एकट्याला ठाऊक. तबक आणणारी मात्र त्याची बहीण, म्हणजे चेहऱ्यावरूनही कोणास काही समजू नये.

आणि डोळ्यांवर पट्टी बांधावी ही सूचना आमची. ‘नानांची नजर फार तीक्ष्ण,’ आम्ही हसत म्हणालो, ‘रंगावरून सांगतील.’

नाना क्षणभर थांबले. ‘पट्टी कशाला? मी काही चोर नाही,’ असे म्हणाले, पण मग स्वतःच हातरुमालाची घडी घालून बांधून घेतली.

आमची पाळी आधी झाली होती. आठांत चार बरोबर. मुलाने कागद पाहून शांतपणे सांगितले, ‘काका, सत्तरांत छत्तीस वेळा नुसत्या अंदाजानेही इतकेच येते.’ दोन वर्षे जोपासलेल्या अभिमानाचे इतके स्वस्त मूल्यमापन कोणी केले नव्हते. पण लोक हसले, आम्हीही हसलो, आणि नानांकडे वळलो.

नाना प्रत्येक घोट फार वेळ तोंडात धरीत होते. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला त्यांनी पेला परत मागितला. पाचवा तोंडाशी होता तेव्हा आतून करपल्या दुधाचा तो वास आला, जो आला की घरातली सगळी माणसे एकदम उभी राहतात. दूध उतू जाऊन शेगडीवर जळले होते. मुलगा किटल्यांच्या नादात. सौ. धावली. रेल्वेतल्या स्नेह्यांनी खिडक्या उघडल्या, कोणी नाकाला पदर लावला, कोणी खोकू लागले. नाना पट्टी बांधून तसेच बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘पाचवा दार्जिलिंग.’ मग आवाजाच्या दिशेने मान वळवून, ‘का हो, सगळे उठलात? संपले काय?’

‘अहो नाना, दूध!’ कोणी तरी ओरडले.

‘दूध? ह्यात दूध घालायचे नाही,’ नाना म्हणाले.

मोठा हशा पिकला. नानांचे विनोद असेच कोरडे, असे सर्वांना वाटले. आम्हांसही वाटले. त्यांचेही आठांत चारच बरोबर आले, आणि आमच्या मनात कुठे तरी, लपवून काय उपयोग, एक गुदगुली झाली. सर्वांत अधिक गुण मिळाले आमच्या सौ.ला, सहा, जिने आजवर आल्याशिवाय चहाला हात लावला नव्हता. त्यावरही तो मुलगा म्हणाला की सहा किंवा अधिक गुण सत्तरांत सतरा वेळा आपोआप येतात, काहीच सिद्ध होत नाही. संख्याशास्त्र हे समारंभास न्यावयाचे शास्त्र नव्हे.

रात्री करपलेले पातेले घाशीत असता सौ. म्हणाली, ‘अहो, नानांना वास येत नाही.’

आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले.

‘चहाचे म्हणत नाही मी. कसलाच. दुधाच्या त्या धुरात माणूस शांत बसतो होय? त्यांचा चेहरा पाहिलात का तुम्ही?’ आम्ही पाहिला नव्हता. आम्ही मुलाच्या कागदाकडे पाहत होतो.

आठ दिवस आम्ही भवानीपुरास गेलो नाही. गेलो तेव्हा नानांनी दार उघडले, खुर्ची पुढे केली आणि आमची सगळी तयारी व्यर्थ करीत म्हणाले, ‘वहिनींनी ओळखले ना? मला वाटलेच होते.’

२०२१च्या वैशाखात, त्या भयंकर लाटेत, त्यांना चार दिवस ताप आला. जीव वाचला, नाक गेले. बहुतेकांचे काही आठवड्यांत परत येते, तुमचेही येईल, असे डॉक्टर म्हणाले. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचे तेल सकाळ-संध्याकाळ हुंगण्याचा अभ्यास त्यांनी वर्षभर केला, लेखापरीक्षकाच्या नेमाने, वहीत नोंदी ठेवून. वही त्यांनी आम्हांस दाखविली. तारीख, वेळ, चार रकाने, आणि प्रत्येक रकान्यात शून्य. शेवटी शेवटी लवंगेपुढे दोनदा प्रश्नचिन्ह आहे.

‘तुरट कळते, कडू कळते, गरम की गार कळते,’ ते म्हणाले. ‘बाकी पाणी.’

‘पण नाना, एवढी वर्षे तुम्ही आम्हां सर्वांना चहा निवडून देता तो...’

‘तो वाईट निघाला?’

नव्हता निघाला. एकही नव्हता. कसे निवडता, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडी मिष्किली आली. कोरडे पान हातात दाबून पाहतात. ओल्या पानाचा रंग पाहतात; नव्या तांब्याच्या पैशासारखा हवा. पाण्याच्या कडेला सोनेरी कड दिसते ती पाहतात. ‘आणि दुकानदार डबा उघडतो ना, तेव्हा मी पानाकडे पाहत नाही, त्याच्या नाकपुड्यांकडे पाहतो. चाळीस वर्षे चहा विकणाऱ्या माणसाचे नाक खोटे बोलत नाही. तोंड बोलेल.’ पट्टी बांधून आम्ही काय काढून घेतले होते ते आम्हांस तेव्हा कळले.

सांगितले का नाही, असे विचारण्याचे धाष्टर्य आम्ही केले. नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली भांडातला चहा पिऊन कोणी मातीचा तो पेला रस्त्यावर फोडला. ‘तुम्ही लोक येता-जाता,’ ते म्हणाले. ‘पुण्याचा येतो, नाशिकचा येतो. जाताना माझ्याकडे येतो तो चहासाठी. नुसत्या नानांकडे कोण येईल? आणि का यावे?’

ह्यावर काही बोलता येण्यासारखे नव्हते. ‘येऊ की’ असे म्हणावयाचे आमच्या ओठांवर आले. पण आमच्या बदलीचे वर्ष हेच, हे त्यांस ठाऊक होते.

हे छापावे की नाही असा प्रश्न आम्ही नानांपुढेच ठेवला. ‘लिहा,’ ते म्हणाले. ‘पुढच्या माणसाला सांगत बसण्याचा त्रास वाचेल. फक्त मला आठांत चार मिळाले ते लिहा. तुमच्याइतके.’

परवाच्या शनिवारी आम्ही दोघे जतीन दास पार्कला मेट्रोत बसलो आणि चांदनी चौकास उतरून लालबाजाराकडे चालत गेलो. रेल्वेतले स्नेही सोमवारी नाशिकला निघावयाचे होते. दुकानदाराने नेहमीप्रमाणे डबे काढले. नाना म्हणाले, ‘आज हे हुंगतील.’ दुकानदाराने आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. आम्ही पहिल्या डब्यावर वाकलो आणि काही तरी भारदस्त म्हणावे म्हणून ‘उत्तम आहे’ असे म्हणालो.

‘चांगले-वाईट नको,’ नाना म्हणाले. ‘काय आठवते ते सांगा.’

पहिल्यात आम्हांस काही आठवले नाही. दुसऱ्यात ताजे कापलेले गवत. तिसऱ्या डब्यावर आम्ही पुष्कळ वेळ वाकून राहिलो. मग सांगितले की आजोळी माजघरात आंब्यांची अढी घालीत, तिच्यावरचा पेंढा पहिल्यांदा उचलला म्हणजे जो ऊबदार वास येई तो, पण आंब्याचा नव्हे. आंबा पिकण्याच्या आदल्या दिवशीचा.

नानांनी डोळे मिटले होते. ‘पेंढा ओला की कोरडा?’

‘कोरडा.’

‘हा द्या,’ ते दुकानदारास म्हणाले, ‘अडीचशे ग्रॅम.’ आणि मग आमच्याकडे वळून, ‘चौथाही हुंगा. घ्यायचा नाही. नुसते सांगा.’